दोघांचं एका ट्रेतलं जेवण

लग्न झाल्यापासून विमलाबाई कधी कोणाच्या शेजारी बसून गरम जेवल्या नव्हत्या. यात कोणाचा जुलूम नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरातल्यांनी पानावर बसायचं आणि बाईने तव्यावरची फुगलेली पोळी थेट त्यांच्या ताटात टाकायची, अशी रीत. सासरे जेवले, दीर जेवले, नवरा जेवला, पुढे मुलगा जेवला. सगळ्यांची ताटं उचलून झाली की विमलाबाई ओट्याशी बसून निवलेला भात कालवायच्या. पोळी ताटात पडताना फुगलेली असली पाहिजे, हा त्यांचा अभिमान होता. अभिमान कसला, तीच त्यांची नोकरी होती. नवऱ्याला पोस्टात जशी खिडकी होती, तशी यांना शेगडी होती.

नवरा गेला आणि कराडच्या घरात त्या एकट्याच उरल्या. आता गरम जेवायला कोणाची आडकाठी नव्हती. पण एकटीसाठी काय तवा तापवायचा, असं म्हणत त्या पातेल्यातूनच चार घास खायच्या, तेही उभ्यानेच. तेव्हा कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला गरम जेवणाची हौस नव्हतीच. कोणीतरी समोर बसून आपल्याबरोबर जेवावं, एवढीच हौस होती आणि ती राहून गेली होती.

मुलगा कौशिक चेन्नईला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने फोनवर विचारलं, "आई, इकडेच येतेस का राहायला?"

"नको रे बाबा, मला इथेच बरं आहे," विमलाबाई म्हणाल्या.

"बरं," कौशिक म्हणाला आणि विषय संपला.

आता आमच्याकडची माणसं हे वाचून कपाळावर हात मारतील. पहिल्यांदा 'नको' म्हणायचंच असतं. दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं, जरा मवाळ आवाजात. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की "आता तू म्हणतोसच तर" असं म्हणून पान पुढे करायचं. जिलबीपासून सोयरिकीपर्यंत सगळं असंच चालतं. पण कौशिक पडला सरळमार्गी. त्याच्या कामात हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. विमलाबाईंनी फोन ठेवला आणि पुढे कितीतरी महिने त्या एका 'नको'पायी स्वतःला बोल लावत राहिल्या. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र "कशाला तुला त्रास" आणि "तू म्हणतोस तर येते" ही दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हणून टाकली.

अशा त्या चेन्नईतल्या पेरुंगुडीला आल्या. चौथ्या मजल्यावरचं घर, खाली खोदून ठेवलेला रस्ता, पलीकडे काचेची ऑफिसं. कौशिक सकाळी जायचा तो दिवेलागण उलटून गेल्यावर यायचा. आला की हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढे बसायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि अमेरिकेतल्या कोणाशी तरी बोलत जेवायचा. विमलाबाई स्वयंपाकघरातून एकेक पोळी नेऊन त्याच्या ताटात टाकायच्या. तो हाताने खूण करायचा, की अजून एक किंवा पुरे. जेवायचं टेबल बाहेरच्या खोलीत होतं, पण त्यावर हेल्मेट, वायरी आणि इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे.

दिवसभर बोलायला समोरच्या सरोजाबाई तेवढ्या होत्या. त्या तंजावरकडच्या. पूर्वज कुठल्या तरी राजाबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकताना विमलाबाईंना वाटायचं, पणजी तमिळ शिकून परत आली आहे. पण मराठी ते मराठी. उपाशी माणसाने शिळंपाकं बघू नये, तशा त्या रोज दुपारी सरोजाबाईंकडे जाऊन बसायच्या.

आणि संध्याकाळी कौशिकच्या ताटात पोळी टाकता टाकता म्हणायच्या, "मी आता जाते रे कराडला. घराला वाळवी लागली असेल. मी इथे असून नसून सारखीच."

हे त्या पुष्कळदा म्हणायच्या. घराची काळजी त्यात नावालाही नव्हती. मुलाने मान वर करावी, "असं काय बोलतेस, तुझ्याशिवाय मला करमेल का?" म्हणावं, एवढ्यासाठी ते सगळं. कौशिक हेडफोन थोडा बाजूला करून "हं, बघू" म्हणायचा आणि पुन्हा अमेरिकेत जायचा.

एका शनिवारी तो टी. नगरच्या बाजारातून मोठं खोकं घेऊन आला. आत विजेची भट्टी होती. "आई, तू किती वेळ उभी असतेस ग शेगडीपुढे," तो म्हणाला. "माझ्या ऑफिसातला एक मित्र रोज यातच जेवण करतो. सगळं चिरून एका ट्रेमध्ये घालायचं, ट्रे आत ठेवायचा, संपलं."

"माझ्या पोळ्या खपेनाशा झाल्या वाटतं?" विमलाबाई म्हणाल्या.

"नाही ग. तुला त्रास नको म्हणून."

त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो त्या भट्टीवर काढला. तिला क्रोशाचा रुमाल घालून त्यांनी ती कोपऱ्यात बसवली. नकोशा पाहुण्या बाईला बसवावं तशी. पाणी विचारायचं नाही आणि जा म्हणायचं नाही. मग एका संध्याकाळी कौशिकने त्यांना कॉम्प्युटरपुढे बोलावून एक व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ अडखळत अडखळत चालत होता. कुठलीशी गोरी बाई भाज्या चिरत होती, तेल लावत होती, पसरट ट्रेमध्ये पसरत होती. विमलाबाई तोंड वाकडं करून बघत होत्या. इतक्यात त्या बाईने ट्रे भट्टीत सरकवला, हात पुसले, खुर्ची ओढली आणि ती सरळ नवऱ्यासमोर बसून गप्पा मारू लागली. ट्रे बाहेर आला, तो टेबलावर आला आणि दोघं एकदमच जेवायला लागली.

"ही बसली की रे," विमलाबाई म्हणाल्या.

"मग? तेच तर सांगतोय," कौशिक म्हणाला.

पण तो वेगळंच सांगत होता आणि त्या वेगळंच बघत होत्या. सगळं एकदम आत जातं आणि एकदम बाहेर येतं. म्हणजे करणारी मोकळी. म्हणजे करणाऱ्या बाईला ताट मांडून समोर बसता येतं, पोळीसाठी उठावं लागत नाही. मग मुलालाही वाटणारच, की आई बसली आहे, आपणही इथेच बसावं. त्या रात्री त्यांनी मनात मांडे खाल्ले ते नुसते मांडे नव्हते, टेबल पुसून, दोन ताटं मांडून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी क्रोशाचा रुमाल निघाला. बटाटे, गाजर, सुरण, ढबू मिरची, टोमॅटो, सांबारचे छोटे कांदे, पनीर, असं सगळं त्यांनी चिरून ट्रेमध्ये भरलं. भरलं म्हणजे अगदी शीग लावून भरलं. अर्धंमुर्धं ताट कोणापुढे ठेवू नये, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. ट्रेचा पत्रा दिसतोय म्हटल्यावर त्यांना तो दरिद्री वाटला आणि त्यांनी वर आणखी एक मूठ फरसबी टाकली.

बाहेर आला तो लगदा. टोमॅटोचं पाणी सुटलेलं, पनीर चामड्यासारखं आणि बटाटा मात्र कच्चाच. त्या तशाच ट्रे घेऊन समोर गेल्या.

"अय्यो, विमलाबाई, हे काय मा!" सरोजाबाई म्हणाल्या. "भाजी की डाळीतलं कूटु? इतकं कोंबल्यावर ते कसं भाजेल? वाफच होईल की."

"रिकामा ट्रे बरा दिसत नव्हता हो."

"दिसायला कोण येतं भट्टीच्या आंत? जागा द्या मा, प्रत्येकाला जागा द्या. आणि हे सगळं कोणासाठी?"

विमलाबाईंनी खरं ते सांगितलं. कौशिकने आपल्याबरोबर टेबलावर बसून जेवावं म्हणून.

सरोजाबाई हसल्या. "त्याला भट्टी कशाला? तोंड उघडून सांगा की, 'कौशिका, मजसंगे बसून जेव' म्हणून. माझा लेक नाही बसत? बस म्हटलं की बसायचं, अव्वळवुदान, विषय संपला. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतें त्याला."

"नको नको," विमलाबाई घाईने म्हणाल्या. "सांगून बसवलं तर त्यात काय राहिलं? त्याला आपणहून वाटायला हवं."

सरोजाबाईंनी कपाळाला हात लावला. काही माणसांना तहान लागली तरी पाणी मागायचं नसतं. समोरच्याने ओळखून आणून द्यावं, अशी त्यांची अपेक्षा. अशी माणसं पुष्कळ सोसतात आणि त्याचा दोष मात्र न ओळखणाऱ्याच्या माथी मारतात.

पण विमलाबाई हाताने हुशार होत्या. दुपारच्या दुपार त्या भट्टीपुढे घालवू लागल्या आणि हळूहळू गमक कळत गेलं. भाजी धुतली की फडक्याने कोरडी करायची, ओली राहिली तर ती भाजत नाही, नुसती शिजते. भट्टी आधी चांगली तापवून घ्यायची. बटाटा, सुरण, गाजर हे चिवट लोक. त्यांना लहान चिरून आधी एकटेच आत धाडायचं. ते कडेने तांबूस व्हायला लागले, की ट्रे बाहेर ओढून त्यात कांदे आणि ढबू मिरची घालायची, आणि पनीर अगदी शेवटी. गोडा मसाला कोरडा भुरभुरला तर जळून कडू होतो, म्हणून तो तेलात कालवून भाजीला चोळायचा. सगळं एका थरात, एकमेकांना न चिकटता. लिंबू आणि कोथिंबीर बाहेर आल्यावर. पोळ्यांचा प्रश्न होताच, कारण पोळ्या म्हटल्या की पुन्हा तव्यापुढे उभं राहणं आलं. त्यावर त्यांनी पाव शोधले. लोणी लावून शेवटी ट्रेच्याच कडेला ठेवले की तेही भाजीबरोबर खमंग होतात. झालं, उठायचं कारणच उरलं नाही.

मग त्यांनी टेबलावरचं हेल्मेट खाली ठेवलं, वायरी गुंडाळल्या, कपडे कपाटात लावले आणि दोन ताटं मांडली. कौशिक आला. वासानेच खूश झाला. "वा, आई! भारी दिसतंय." त्याने ताट उचललं, ट्रेमधून भाजी घेतली, दोन पाव घेतले. "माझा कॉल आहे ग. तू जेवून घे, थांबू नकोस माझ्यासाठी." आणि ताट घेऊन तो आत गेला.

विमलाबाई दुसऱ्या ताटापुढे बसून राहिल्या. दार उघडंच होतं, त्याची पाठ दिसत होती. पूर्वी पोळी द्यायच्या निमित्ताने तरी त्या दहादा त्या खोलीत जायच्या. आता तेही निमित्त त्यांनी आपल्या हाताने घालवलं होतं. त्यांना रडू आलं, पण जेवणापुढे रडू नये म्हणून त्यांनी ताटावर झाकण ठेवलं आणि मग रडल्या.

तरी त्यांनी नेट सोडला नाही. आज नाही तर उद्या बसेल. आणि देवाने ऐकलं म्हणावं असं खरंच काहीतरी झालं. कौशिक रविवारी स्वयंपाकघरात येऊन उभा राहू लागला. "बटाटा आधी का घातलास?" "तेल किती?" "मसाला आत्ता नाही का घालायचा?" असं एकेक विचारू लागला. लहानपणी त्याला अभ्यास शिकवायला वडील होते, आईच्या वाट्याला तो कधी आला नव्हता. आता तीस वर्षांचा घोडा शेजारी उभा राहून आईला विचारत होता आणि आई सांगत होती. विमलाबाईंनी हातचं काही राखलं नाही. सुरण चिरताना हाताला तेल लाव, खाज सुटत नाही, इथपर्यंत सांगितलं. ते रविवार त्यांच्या चेन्नईतल्या मुक्कामातले सगळ्यात सुखाचे होते.

"बघा, येतोय की नाही जवळ?" त्या सरोजाबाईंना म्हणाल्या. "न सांगता."

"बरंच मा," सरोजाबाई म्हणाल्या. "तरी एकदा सांगा."

मग एका रविवारी कौशिक म्हणाला, "आई, आज तू ओट्यापाशी यायचं नाहीस. नुसती बसून राहा."

त्या बसल्या. आतून चिरण्याचा आवाज येत होता. मध्येच काहीतरी पडलं, त्या उठू लागल्या, तर तो आतूनच ओरडला, "बस!" गोड्या मसाल्याचा वास आला, मग लोण्याचा. त्याने टेबल पुसलं, दोन ताटं मांडली, समोरासमोर. ट्रे आणून मधे ठेवला. बटाट्याच्या कडा तांबूस, कांदे आतून मऊ, पनीर नुसतं गुलाबी. त्याने आधी आईच्या ताटात वाढलं, मग स्वतःच्या, आणि तो खुर्ची ओढून समोर बसला. हेडफोन आतच होता.

विमलाबाईंनी पहिला घास घेतला तेव्हा तोंड भाजलं. इतकं गरम जेवायची त्यांना सवयच नव्हती. कौशिकही फू फू करत खात होता. दोघं हसली. त्यांना वाटलं, आता काही नको. याच्यासाठीच एवढी वर्षं थांबले होते, आता देवाने उद्या नेलं तरी तक्रार नाही.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान झालंय."

"खरं सांग हं. बटाटा कच्चा नाही ना?"

"अजिबात नाही. माझ्यापेक्षा चांगलं जमलंय तुला."

कौशिकने मोठा श्वास सोडला. "सुटलो बुवा. आता तू मोकळी, आई."

"म्हणजे?"

"किती दिवस म्हणतेयस कराडला जाते, घराला वाळवी लागेल. मला कळत होतं ग. पण माझ्या जेवणापायी तू अडकली होतीस. मला स्वतःचं काही करता येईना, म्हणून तुला जाता येईना. म्हणून तर शिकलो सगळं तुझ्याकडून." त्याचा चेहरा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता. "पुढच्या शुक्रवारचं तिकीट मिळालंय. पुण्याला मामा उतरवून घेईल, तो तुला कराडला पोचवेल. बोललोय मी त्याच्याशी."

विमलाबाईंनी हातातला पाव ताटात ठेवला. मुलगा दुष्ट असता तर भांडता आलं असतं. तो दुष्ट नव्हता. तो त्यांचा शब्द न् शब्द ऐकत होता, हेडफोनच्या मागून का होईना, आणि त्याने प्रत्येक शब्द खरा मानला होता. त्यांनी रोज संध्याकाळी जे मागितलं, ते त्याने मेहनत करून आणून दिलं होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि तो मारायचा कसा, हे रविवारचे रविवार पोराला शिकवायचं, असा प्रकार झाला होता.

सरोजाबाईंचं ऐकायला हवं होतं. अजून वेळ गेली नव्हती. त्यांनी घास गिळला आणि जन्मात पहिल्यांदा, मनात होतं तेच तोंडाने बोलल्या.

"मला नाही जायचं, कौशिक."

कौशिक हसला. अगदी मायेने हसला.

"मला ठाऊक होतं तू असंच म्हणणार. माझ्यासाठी म्हणतेयस. खरंच जा, आई."

"अरे, तुझ्यासाठी नाही. मला इथे राहायचंय. तुझ्याजवळ."

"बघ, पुन्हा! आपलं मन मारायचं आणि दुसऱ्याला बरं वाटेल ते बोलायचं, आयुष्यभर हेच केलंस. बाबांसाठी केलंस, आता माझ्यासाठी करतेस. मी नाही ऐकणार. जा तू."

"कौशिक, मी खरं सांगतेय रे."

"आई." त्याने टेबलावरून हात पुढे करून त्यांचा हात धरला. त्याच्या बोटांना मसाला लागलेला होता. "माझी शपथ आहे. जा. माझी काळजी करू नकोस."

एवढा आग्रह त्यांना कोणी कधी केला नव्हता. तोंड भरून, हात धरून, शपथ घालून. इतकी वर्षं जे शब्द उलटे वापरले, ते आज सरळ ठेवले तरी त्याला उलटेच दिसत होते.

"बरं," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. जाते."

कौशिक खूश होऊन जेवू लागला. ट्रेमध्ये अजून पुष्कळ उरलं होतं. त्याने त्यातलं अर्धं त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, सगळं संपवलं. भाजी खरोखरच उत्तम झाली होती.

"एक सांगू का?" पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या. "एकट्याचं करशील तेव्हा एवढं चिरू नकोस. उरतं. मग दुसऱ्या दिवशी तेच गार खावं लागतं, तिसऱ्या दिवशीही तेच. मग माणूस भूक नाही म्हणतो आणि जेवायचंच टाळतो. कराडला मी तेच करत होते."

"बरोबर आहे," कौशिक म्हणाला. त्याने ट्रेकडे नीट बघून अंदाज घेतला. "मग बटाटे किती घेऊ?"

"एक घे," विमलाबाई म्हणाल्या. "एकट्याला एकच पुरतो."